थांब म्हटलं तरी न थांबणारे

जावात थ्रेड सुरू करणं अगदी सोपं. व्हायवाला ‘रन’ आणि ‘स्टार्ट’ यांतला फरक हमखास विचारतात, तेवढा पाठ असला की झालं. पाठ नसलेला नवशिका थेट रन मेथड कॉल करतो. प्रोग्राम चालतो, आउटपुट येतं, फक्त नवा थ्रेड जन्मालाच आलेला नसतो. सगळं काम मेन थ्रेडने एकट्याने उरकलेलं असतं. खरं तर हा त्याच्या हातून झालेला सगळ्यात निर्धोक प्रोग्राम.

फरक कळला की मग दहा थ्रेड एकदम सुटतात. एकाच काउंटरमध्ये प्रत्येकाने हजार वेळा एक मिळवायचा. अपेक्षित उत्तर १०,०००, छापून येतं ०, कारण बाकीचे काम संपवेपर्यंत थांब, असं मेन थ्रेडला कोणी सांगितलेलंच नसतं. यावर नवशिक्याचा रामबाण उपाय म्हणजे स्लीप. एक सेकंद झोप. लॅबच्या जुन्या मशीनवर एक पुरत नाही, म्हणून पाच. सबमिशनच्या दिवशी धोका नको, म्हणून दहा. नेमक्या याच कामासाठी असलेली जॉइन ही मेथड पुस्तकात पुढच्याच पानावर असते, पण तिथवर वाचायला वेळ कोणाला?

जॉइन लावूनही उत्तर कधी ९,८४७ येतं, कधी ९,९१२. काउंटर वाचणं, एक मिळवणं आणि परत लिहिणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दोन थ्रेड एकाच वेळी जुनाच आकडा वाचून बसतात. सिंक्रोनाइझ्ड लावलं की हा तंटा मिटतो.

थांबवण्याचा तंटा मात्र लवकर मिटत नाही. नवशिका ‘थांब’ नावाचं एक बूलियन ठेवतो आणि ते खरं होईपर्यंत लूप फिरवतो. मेन थ्रेड ते खरं करतो, तरी लूप फिरतच राहतो. पंखा घरघरू लागतो. झालेलं असं असतं, की लूपच्या आत ते बूलियन कोणीच बदलत नाही हे पाहून कंपायलरने ते एकदाच वाचून घेतलेलं असतं. काय चाललंय ते बघायला म्हणून नवशिका आत एक प्रिंटची ओळ टाकतो, आणि लूप मुकाट थांबतो! प्रिंट काढली की पुन्हा सुसाट. छापण्याच्या मेथडमध्ये आतून कुलूप असतं, त्याचा हा बहुतेकदा दिसणारा परिणाम. पण नवशिका खोलात शिरत नाही. ती ओळ तशीच ठेवून शेजारी कॉमेंट लिहितो: ‘कृपया काढू नये’. व्होलाटाइल या एका शब्दाने भागलं असतं.

मग त्याला स्टॉप सापडते. ही मेथड १९९६ साली जावाच्या पहिल्या आवृत्तीत होती आणि १९९८ च्या १.२ मध्ये तिच्यावर ‘वापरू नका’चा शिक्का बसला. कारण सबळ होतं. स्टॉप मिळालेला थ्रेड असेल तिथे कोसळतो आणि जाताना हातातली सगळी कुलुपं उघडी टाकतो. एका खात्यातून पैसे वजा झालेले, दुसऱ्यात जमा व्हायचे राहिलेले, आणि तो अर्धवट हिशेब सगळ्या थ्रेडना खुला.

स्टॉपऐवजी वापरायची ती इंटरप्टची पद्धत. यात मारायचं नाही, फक्त सुचवायचं. झोपलेला थ्रेड यामुळे एक्सेप्शन देऊन जागा होतो, पण जागं होताना सूचनेची खूण पुसली जाते. नवशिक्याने कॅच ब्लॉक रिकामा ठेवलेला असतो. त्यामुळे रविवारी सकाळी आईच्या हाकेला ‘उठलो गं’ म्हणून कूस बदलणाऱ्या चिरंजीवांसारखा थ्रेड पुढच्या फेरीत पुन्हा झोपतो. शेवटी एडिटरमधलं लाल बटण दाबून अख्खी प्रोसेसच मारली जाते. रिकामा कॅच ब्लॉक हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो करण्यात मुरलेले प्रोग्रामरही मागे नसतात.

शिक्का बसल्यावरही स्टॉप कितीतरी वर्षं चालत होती. मार्च २०२३ मधल्या जावा २० मध्ये मात्र ती कॉल केली तरी थ्रेड थांबेनासा झाला, उलट कॉल करणाऱ्यालाच एक्सेप्शन मिळू लागलं. पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलमध्ये तर थ्रेड मारायची मेथड आजही नाही. होतकरूंनी ती शोधण्यात रात्र घालवू नये.