पाच सुरांत उस्ताद व्हा! (डहाणू-तलासरी आवृत्ती)

साहित्य: पेटी एक (भजनी मंडळाकडून उसनी आणली असल्यास गुरुवारच्या आत पोहोचती करावी), सोशिक शेजारी एक, सूर पाच.

पायरी 1. रे आणि ध यांना रजा द्या. उरले सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. गिटारवाली पोरं याला मायनर पेंटॅटोनिक म्हणतात, पाचव्या पडद्यावर बोट ठेवतात आणि लगेच डोळे मिटतात. आपल्याकडे हाच राग धानी. काही गवई उतरताना रिषभ हळूच दाखवून जातात. त्यांनी दाखवला तर ती नजाकत. तुम्ही दाखवलात तर बोट घसरलं.

पायरी 2. काळी दोनला सा धरा. पुढे काळी तीन, चार, पाच आणि वरची काळी एक. झाला धानी! पांढऱ्या पट्ट्यांना हात लावू नका, म्हणजे वर्ज्य सूर लागायची सोयच नाही. इथे आपण उस्ताद झाल्याचा भास होतो. घाबरू नका, पुढच्या पायरीला तो जातो.

पायरी 3. आता त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी तीनला माना. हा भूप. काळी चारवरून मधमाद सारंग, काळी पाचवरून मालकंस, काळी एकवरून दुर्गा. जाणकार याला मूर्च्छना म्हणतात. सूर तेच, मुक्काम तेवढा बदलला. तेव्हा कुठले सूर वाजवता याच्याइतकंच कुठे टेकता याकडे लक्ष ठेवा. नाहीतर धानी वाजवायला बसाल आणि उठताना शेजारी म्हणेल, “भूप झकास झाला हो!”

पायरी 4. आता पेटी बंद करा आणि गंजाडची वाट धरा. जिव्या सोमा मशे यांचं हे गाव. वारली चित्रकलेसाठी त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतला नाचाचा फेर ज्याच्याभोवती फिरतो, तो तारपा. वाळलेला दुधी भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे बुजवायला मेण. वाजवणारा गाल फुगवून ठेवतो, नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही. त्याने चाल बदलली की फेरातली पावलंही बदलतात. त्याला ‘पट्टी कुठली?’ असं विचारू नका. हातांनी घडवलेल्या वाद्याचा सूर त्या भोपळ्यावर आणि नळीवर ठरतो, आपल्या पेटीवर नाही.

खबरदारी:
अ) डहाणू लोकलमध्ये रियाज करू नये. तिथल्या भजनाला आधीच टाळ, मृदंग आणि खिडकीची जागा आहे.
आ) घोलवडच्या चिकूवाडीत चालेल, राखणदाराची परवानगी घ्यावी.
इ) रियाजात जमीन हादरली तर तो तुमच्या खर्जाचा प्रताप समजू नये. धुंदलवाडीच्या बाजूला नोव्हेंबर 2018पासून धक्के बसत आले आहेत. आधी अंगणात या, धानी नंतर.

नेहमीची शंका: किती दिवसांत येईल?
पट्ट्या अर्ध्या तासात सापडतील. दमसासाचं तारपावाल्याला विचारा, पण वाजवणं संपल्यावर. उत्तर द्यायला तो मध्येच थांबला, तर अख्खा फेर तुमच्याकडे बघेल.