उजनीस अर्पण
भिगवणनजीक उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांची छबी टिपण्यासाठी नावेतून ओणवे झालेल्या सद्गृहस्थांच्या हातून भ्रमणध्वनी ‘डुबुक्’ झाला, की नावाडी तो चिखलासकट वर काढतो आणि काठावरचा प्रत्येक इसम, बिनपगारी वैद्याच्या थाटात, त्यास तांदळाच्या डब्यात पुरण्याचा हुकूम फर्मावतो. वास्तविक घात एकटे पाणी करीत नाही, त्यातील क्षार आणि बॅटरीचा प्रवाह यांच्या संगनमताने तांब्याच्या सूक्ष्म रेषा हिरव्या पडून झिजतात, आणि तांदूळ (तोही बहुधा इंद्रायणी!) आपली भुकटी तेवढी आत दाखल करतो. सद्गृहस्थ मात्र बटण दाबदाबून ‘धुगधुगी’ तपासतात. जवळच, धरणात बुडालेले पळसदेवाचे प्राचीन मंदिर पाणी फार ओसरले की सशिखर पुन्हा उभे दिसते. अर्थात, त्यास कोणी घाईघाईने चार्जिंगला लावले नव्हते.