इंजिनपारखी

इंजिनपारख्याला ‘गेम कुठवर आला?’ असं विचारू नये. ‘इंजिन फायनल झालं की लगेच,’ हे उत्तर येतं आणि त्याच्या पाठोपाठ पाऊण तासाचं व्याख्यान. वय पंचविशी-तिशीतलं. दिवसा हिंजवडीत किंवा खराडीत बसून कुठल्या तरी परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि रात्री अकरानंतर गेम डेव्हलपर व्हायचं. त्याची कल्पना मात्र खरोखर फर्मास असते. हिरकणी! कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, खाली घरी तान्हं बाळ, आणि चांदण्यात कडा उतरायचा. एक पात्र, एक कडा, एक रात्र. एकट्या माणसाला झेपेल असा याहून नेटका खेळ शोधून सापडणार नाही.

हा खेळ तीन इंजिनांत तीनदा सुरू झाला आहे. युनिटीत हिरकणी म्हणजे पांढरी कॅप्सूल होती. अनरिअलमध्ये टेम्प्लेटबरोबर फुकट मिळणारा राखाडी पुतळा हिरकणी झाला. तो धावतो झकास, पण कडा काही उतरत नाही. गोडोत तिच्या जागी इंजिनाच्या बोधचिन्हातला निळा रोबोट आला. बाळाचा जन्म अजून कुठेच झालेला नाही.

ज्ञानात मात्र त्याला तोड नाही. अनरिअल 2015 मध्ये सर्वांसाठी फुकट झालं, 2020 पासून खेळाच्या पहिल्या दहा लाख डॉलर कमाईवर रॉयल्टी माफ आहे आणि त्यापुढे 5 टक्के द्यावे लागतात, हे त्याला तोंडपाठ. या 5 टक्क्यांनी त्याला बरेच महिने छळलं. ‘अकराव्या लाखापासून कापणार रे,’ असं तो कँटीनमध्ये कळवळून सांगायचा. पहिले दहा लाख कसे येणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मित्र सभ्य होते.

त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे 12 सप्टेंबर 2023. त्या दिवशी युनिटीने जाहीर केलं, की 1 जानेवारी 2024 पासून ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या खेळांना दर इन्स्टॉलमागे पैसे भरावे लागतील. फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांना 20 सेंट. मर्यादा होती वर्षाला दोन लाख डॉलरची कमाई आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल. इंजिनपारख्याचे इन्स्टॉल तेव्हा दोन होते: एक त्याच्या लॅपटॉपवर, दुसरा आतेभावाच्या फोनवर, आणि तोही जागा भरली म्हणून भावाने काढून टाकलेला. तरीही आपला गळा कापल्याच्या आवेशात तो रात्रभर जागला, जगभरच्या निषेधाची पत्रकं वाचली आणि पहाटे एक्सेलमध्ये हिशेब मांडला. हिरकणी एक कोटी लोकांनी उतरवली तर किती लाख डॉलर जातील, ते त्याने लाल रंगात लिहून ठेवलं.

आता एक मान्य करायला हवं, की त्या घोषणेने पोळलेली माणसं खरी होती. ज्यांचे खेळ आधीच बाजारात होते, त्यांनाही नवे नियम लागू होणार होते. आधी करार आणि मग अटी, असा तो प्रकार. ‘स्ले द स्पायर’ करणाऱ्या मेगा क्रिट या छोट्या कंपनीने चिडून इंजिन सोडण्याचा इशारा दिला आणि दुसरा भाग खरोखर गोडोत नेला. काही दिवसांतच युनिटीने माघार घेत अटी सैल केल्या, ऑक्टोबरात प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर 2024 मध्ये ती फीच रद्द झाली. मेगा क्रिटकडे हलवायला काहीतरी होतं. इंजिनपारख्याने हलवली ती कॅप्सूल.

गोडोत तो रमला. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी घडवलेलं हे इंजिन 2014 पासून मुक्त आहे. कुणाला एक पैसा देणं नाही, डाउनलोडही चिमुकलं. मग त्याला शोध लागला की प्लेस्टेशन-स्विचवर गोडोचा खेळ न्यायचा तर बहुधा तिसऱ्याच कंपनीची मदत घ्यावी लागते, कारण त्या यंत्रांचं कोड मुक्त करायला परवानगी नसते. हिरकणी स्विचवर जाणार नाही? झालं, पुन्हा तुलनेचा तक्ता उघडला.

चित्रांच्या टूलची कथा आणखी करुण. पिक्सेल आर्टसाठी एसप्राइट हे लाडकं टूल. विकत घेतलं तर साधारण वीस डॉलर, पण सोर्स कोड खुला असल्यामुळे स्वतःपुरतं फुकट बांधून घेता येतं. याने बांधायला घेतलं. सीमेक, स्किया, न जुळणाऱ्या आवृत्त्या, लाल अक्षरांचे एरर... एवढ्या रात्रींत त्याने हिरकणीची साडी पिक्सेल-पिक्सेल करून नेसवली असती. शेवटी एसप्राइट उघडलं, आणि तेव्हाच त्याला वाटलं, की आपली शैली थ्रीडी असावी.

मग ब्लेंडर. 2002 मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून हे सॉफ्टवेअर मुक्त करून घेतलं, आणि त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं, हा इतिहास तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो. स्वतः त्याने काय केलं? अँड्र्यू प्राइस यांच्या ट्युटोरियलमधला सुप्रसिद्ध डोनट. वर गुलाबी साखरेची नक्षी. घरात वडापाव खाणाऱ्या माणसाने इतक्या प्रेमाने डोनट केलेला पाहून आईसुद्धा गहिवरली.

गंमत अशी, की टूल दुय्यम असल्याचे सगळे दाखले त्याच्याकडेच मिळतात. एरिक बरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने चारेक वर्षं खपून केला तो एक्सएनएवर, ज्याला मायक्रोसॉफ्टने मध्येच वाऱ्यावर सोडलं. टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ गेममेकरमध्ये झाला. ‘टू द मून’ आरपीजी मेकरमध्ये. 2024 चा ‘बलाट्रो’ लव्ह नावाच्या छोट्याशा ल्युआ फ्रेमवर्कवर. या प्रत्येक दाखल्यावरून तो एकच धडा घेतो आणि त्याच रात्री ते टूल डाउनलोड करतो.

खरं तर निवड इतकी अवघड नाही. एकट्याने टूडी खेळ करायचा तर गोडो किंवा गेममेकर पुरे, मोबाइलवर आणि नोकरीच्या बाजारात युनिटी चालतं, डोळे दिपवणारं थ्रीडी हवं तर अनरिअल. चित्रांसाठी हाताला जे बसेल ते. हे त्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणतो, ‘हो, पण लाँग टर्मचा विचार करायला नको?’

त्याच्याच शहरात नॉडिंग हेड्स गेम्सच्या मंडळींनी ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ बनवला. 2017 मध्ये किकस्टार्टरवर त्यांना लागणारे पैसे उभे राहिले नाहीत, तरी ते काम करत राहिले आणि 2020 मध्ये खेळ बाजारात आणला. इंजिन होतं अनरिअल 4. इंजिनपारख्याने तो विकत घेतला, मनापासून खेळला आणि आपला निकाल दिला: ‘सुंदरच आहे, पण अनरिअल 5 मध्ये करायला हवा होता.’ अनरिअल 5 आलं एप्रिल 2022 मध्ये.