पवईच्या काठाला हात लावू नका

पावसाळ्यात पवई तलाव भरून वाहू लागला की महापालिकेचं पत्रक येतं. क्षमता सुमारे 545 कोटी लीटर, पाणी पिण्यायोग्य नाही. दरवर्षी तेच वाचून आपण पान उलटतो. खरं तर त्या दुसऱ्या वाक्याची लाज वाटायला हवी. विहार आणि तुळशी तलावांपाठोपाठ, 1890 च्या सुमारास, मिठी नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर बांध घातला तो तहानलेल्या मुंबईला पाणी मिळावं म्हणून. आज ते पाणी जातं आरे वसाहतीला आणि कारखान्यांना.

माणसाला ते चालेना, पण मगरींनी तलाव सोडला नाही. थंडीच्या सकाळी पलीकडच्या काठावर नीट पाहा. चिखलात रुतलेला ओंडका वाटतो, आणि मग त्या ओंडक्याचा जबडा उघडतो. तो तसाच उघडा ठेवून मगर ऊन खात पडून राहते. थंड रक्ताच्या प्राण्याला अंगाची ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. थंडी सरली की मादी काठाच्या मऊ, उतरत्या मातीत खड्डा खणून अंडी घालते, दोनेक महिने राखण करते. आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि जबड्यात धरून त्यांना पाण्यात सोडते. म्हणजे मगरीचं बाळंतपण काठावर होतं. पाणी राखलं आणि काठ बुजवला, तर मगर राहणार कुठे? वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

याच काठावर 2021 मध्ये सायकल ट्रॅकचं काम सुरू झालं. जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्यावर वाट करायची. पाणी खालून झिरपतं, तेव्हा भराव होतच नाही, असा पालिकेचा दावा होता. आयआयटीत शिकणारी मुलं याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. शाब्बास त्यांची! 6 मे 2022 रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. वि. ग. बिष्ट यांच्या खंडपीठाने हे काम बेकायदा ठरवलं, घातलेलं काढा आणि जागा पूर्ववत करा, असा आदेश दिला.

मुंबईकराला मोकळी हवा नको असं कोण म्हणतं? पवईला फिरायला रस्त्याच्या बाजूचा पदपथ आहे, तिथे बसून सूर्यास्त बघता येतो. गळ टाकून तासन्‌तास बसणारी मंडळीही इथे पूर्वापार येतात. कमळाच्या पानावरून लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, झुडपातला खंड्या हे सगळं पायी चालणाऱ्याला फुकट दिसतं. सायकल जरूर चालवा, पण त्यासाठी रस्त्यावर मार्गिका मागा. मोटारींकडून जागा घ्यायची धमक नाही म्हणून मगरीची घ्यायची, हा कुठला न्याय?

खरं काम वेगळंच आहे, आणि त्याची फीत कापता येत नाही. तलावात सांडपाणी येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते, पाण्यावर हिरवा गालिचा अंथरते. खाली ऊन पोचत नाही, कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खातात, मासे तडफडतात. यंत्र लावून जलपर्णी उपसली जाते, ढीग काठावर लागतात, फोटो येतात. सांडपाणी चालूच असेल तर ती पुन्हा पसरणारच. गटाराची तोंडं आधी वळवा. नंतर काय सुशोभीकरण करायचं ते बोलू, तेही काठापासून लांब.

तलाव पुन्हा भरेल, पत्रक पुन्हा येईल. त्यात या वेळी आणखी एक आकडा हवा: वर्षभरात तलावात किती लीटर सांडपाणी शिरलं? आणि त्याखाली, ते थांबवण्याची तारीख.