डिस्कस पाळणाऱ्याचं पाणी

मासे पाळणं हा शांत छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी टाकीच्या मागच्या बाल्कनीत कधी डोकावलेलं नसतं. दिवाणखान्यात तळहाताएवढे डिस्कस संथ फिरत असतात. बाल्कनीत मात्र तीन पांढरे डबे, निळ्या नळ्यांचं जंजाळ आणि घरघरणारा पंप. पाहुणे मासे बघून जातात, आम्ही पंप ऐकत बसतो.

डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी मऊ, क्षार नावापुरते. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीत, म्हणजे जिथे इमारती आधी येतात आणि महापालिकेचं पाणी सवडीने. तोवर बोअर आणि टँकर. या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की आकडा आठशेच्या आसपास जातो. ॲमेझॉन आणि हिंजवडी यांच्यातला हा फरक आरओने मिटवायचा, अशी आमची माफक अपेक्षा.

यंत्राची करामत तशी साधी. पाण्यात टाकलेली मनुका फुगते, कारण पाणी सालीतून गोडाकडे ओढलं जातं. इथे दाब देऊन तीच वाट उलटी चालायला लावतात. पाणी पडद्यातून पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. कामाला येईल असा पडदा 1960च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवला. त्यांना समुद्राचं पाणी माणसांसाठी गोड करायचं होतं. आम्ही ते माशांवर आणून ठेवलं.

आजच्या पडद्याला, म्हणजे मेंब्रेनला, क्लोरिनचं वावडं. म्हणून पुढे कार्बन, आणि कार्बन गाळाने तुंबू नये म्हणून त्याच्याही पुढे स्पन फिल्टर. साहेबाला भेटण्याआधी दोन शिपाई! हे दोघे सहा महिन्यांनी बदलायचे, टँकरच्या कृपेने त्याआधीच. पाना लावून डबा उघडला की पांढराशुभ्र घातलेला स्पन तपकिरी, बुळबुळीत होऊन हातात येतो. त्याच क्षणी ओ-रिंग टुणकन उडून वॉशिंग मशीनखाली जाते. ती पुसून, खाचेत नीट बसवून डबा आवळायचा, नाहीतर रात्री खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. नव्या कार्बनचं पहिलं काळसर पाणी मेंब्रेनकडे न जाऊ देता ओतून टाकायचं. यंत्र दोन-चार दिवस बंद राहिलं, तरी सुरुवातीचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, कारण तेवढ्या वेळात क्षार पडद्यापलीकडे झिरपलेले असतात. डिसेंबरात धार बारीक झाली तर आरओवाल्याला फोन करू नये. गार पाणी मेंब्रेनमधून सावकाशच जातं.

एक बादली चांगल्या पाण्यामागे तीन बादल्या वाया जातात, निदान आमच्याकडे. ते पाणी फरशी पुसायला ठेवलं, तर मावशींनी वाळल्यावर उमटलेले पांढरे ओघळ बोटाने दाखवले. "दादा, माशांचा मळ आमच्या वाट्याला होय?" कुंड्यांनाही एवढे क्षार सोसत नाहीत. शेवटी ते फ्लशला जातं.

खरी गंमत पुढेच आहे. इतक्या खटपटीने मिळवलेलं शुद्ध पाणी माशांना तसंच देता येत नाही. क्षार अगदीच नसले की पीएच सांभाळायला काही उरत नाही, तो अचानक घसरतो. म्हणून त्यात पुन्हा मापून क्षारांची पूड घालायची, किंवा थोडं बोअरचंच पाणी मिसळायचं. आई हे चष्म्यावरून बघत होती. "घालायचंच होतं, तर काढलं कशाला?" मी प्रमाण, समतोल वगैरे बोललो. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

तेव्हा डिस्कस घ्यायला निघाला असाल, तर दुकानात जाण्याआधी नळाखाली मीटर धरा. आकडा दोनशेच्या आत असेल तर आरओच्या भानगडीत पडू नका. क्लोरिन तेवढा घालवा, बाजारातल्या डिस्कसना ते पाणी चालतं. आणि आकडा आठशे असेल तर सरळ गप्पी किंवा मॉली आणा. त्यांना जड पाणीच मानवतं.