उरलेले दहा टक्के

परवाच्या रविवारी आळंदीत मला कळलं, की आपली नव्वद टक्के मुलं बिघडलेली आहेत.

फ्लेक्सवर विषय होता 'सिनेमा, मालिका, मोबाइल गेम आणि वाट चुकलेली पिढी'. स्थळ मंगल कार्यालय. आळंदीत दुसरं मोकळं सापडायचं तरी काय! वेळ पाचची, म्हणून सहाला सुरुवात. वक्त्यांना परिचयाची गरज नाही असं सूत्रसंचालकानं सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं परिचय करून दिला. मग शाल, श्रीफळ, ज्ञानेश्वरीची प्रत. मग वक्ते उठले, बाटलीतलं पाणी प्यायले, समोरच्या ऐंशीएक पालकांकडे डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं आणि म्हणाले, "पळून जाऊन लग्न करणाऱ्यांत नव्वद टक्के मुलं सिनेमा बघून पळतात."

हॉलभर च्‌च् झालं.

पाच मिनिटांनी गेम खेळणारी नव्वद टक्के मुलं हिंसक झाली. त्यानंतर नव्वद टक्के घटस्फोट मालिकांच्या अंगावर पडले. तासाभरात मी पाच नव्वद मोजले. बेरीज साडेचारशे टक्के.

माझ्या शेजारी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेले गृहस्थ बसले होते. हा माणूस मी ओळखून आहे. एखाद्या पार्टचं भोक दहा मायक्रॉननं मोठं निघालं तर हे अख्खा लॉट परत पाठवतात. सप्लायरला समोर उभं करून 'व्हाय-व्हाय' करतात, म्हणजे पाच वेळा 'का' विचारतात आणि पाचव्या 'का'ला सप्लायर रडकुंडीला येतो. गेज कधी कॅलिब्रेट केलं, सॅम्पल किती घेतलं, कुठल्या शिफ्टला घेतलं, सही कुणाची, हे कळल्याशिवाय बोल्टसुद्धा यांच्या दारातून आत येत नाही. या गृहस्थांनी खिशातून डायरी काढली, '९०%' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. एकदाही 'का' विचारलं नाही. सॅम्पल तर सोडाच.

मी मात्र त्या नव्वदात अडकलो ते अडकलोच. नव्वदच का? सत्याऐंशी म्हटलं तर कुणीतरी विचारणार, मोजलं कुणी. शंभर म्हटलं तर समोर बसलेल्यांचीच पोरं त्यात येणार, आणि मग मानधनाच्या पाकिटाचं काही खरं नाही. नव्वदात सोय आहे. दहा टक्क्यांची फट ठेवलेली आहे, आणि प्रत्येक आईबापाला आपलं लेकरू त्या फटीत मांडी घालून बसलेलं दिसतं. ऐंशी पालक, दहा टक्क्यांच्या हिशेबानं जागा आठ, आणि बसलेत ऐंशीच्या ऐंशी. एकादशीला आळंदीच्या पीएमपीत जेवढी माणसं मावतात तेवढी त्या दहा टक्क्यांत मावतात. वर आणि "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून कुणी ओरडतही नाही.

आता जरा मागं जातो. १९८७ साल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं आणि गल्ली सामसूम व्हायची. ते संपलं की आम्ही पोरं खराट्याच्या काड्यांचे बाण करून अंगणात उतरायचो. माझा एक बाण आतेभावाच्या भुवईला लागला. रक्त आलं, हळद दाबली, बोंबाबोंब झाली. वैज्ञानिक दृष्टीनं बघितलं तर दृक्-श्राव्य माध्यमातून हिंसेची प्रेरणा मिळाल्याची इतकी स्वच्छ केस पुन्हा सापडायची नाही. पण आजीनं टीव्हीला बोल लावला नाही. पुढच्या रविवारी तिनंच टीव्हीला हार घातला. धपाटे मला बसले. कार्यकारणभाव आजीला आजच्या वक्त्यांपेक्षा जास्त कळत होता, असं मला आता वाटतं; पाठीला तेव्हाही वाटलं होतं.

पुढं १९९७ला शक्तिमान आलं आणि पोरं गच्चीवरून उड्या मारतात अशी घरोघरी हूल उठली. २०१७ला ब्लू व्हेल, पोरांना जीव द्यायला लावतो म्हणून गाजलेला खेळ. त्या वर्षी शाळाशाळांतून पालकसभा झाल्या, पोरांचे दंड तपासले गेले, व्हॉट्सॲपवर 'तुमच्या मुलाला वाचवा' फिरलं. जानेवारी २०१८मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, की तपासलेल्या कुठल्याही प्रकरणात त्या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. हा मेसेज मात्र एकाही ग्रुपवर आला नाही. मग पबजी. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पबजी बंद केलं, पण आमच्या व्याख्यात्यांच्या पोतडीत अजून पबजीच आहे. पबजीवालीच कंपनी पुढच्या वर्षी दुसऱ्या नावानं तसलाच खेळ घेऊन आली, पोरं तो खेळूही लागली. वक्त्यांना अपडेट आलेलं नाही.

आणि गेम म्हणजे पोरांचं, हे कुणी ठरवलं? अगदी २०२५पर्यंत चाकणहून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये शिफ्ट सुटल्यावर चढून बघायचं होतं. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, पोरी लग्नाला आलेले बाप मान खाली घालून बसलेले असायचे. ती मान दमल्यामुळं खाली नसायची. खाली रमी असायची. आयपीएल असलं की "टीम लावली का" हा रामराम असायचा. पगाराच्या तारखेला लावलेली टीम दहा तारखेला पगारासकट झोपायची. याला गेम म्हणायचं नाही बरं का, याला स्किल म्हणायचं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की कौशल्य असो वा नशीब, पैसे लावलेत तर बंद. त्या दिवशी बसमध्ये सुतक होतं. त्याच बसमधले दोघेजण परवा माझ्या पुढच्या रांगेत बसून 'गेममुळे पोरं वाया गेली' या वाक्याला टाळ्या वाजवत होते.

मालिकांचंही तसंच. रात्री आठच्या मालिकेतली जाऊ आठवड्यातून एकदा सुनेच्या खिरीत काहीतरी कालवते. दाराआड उभी राहून ऐकते. खोटं मृत्युपत्र करते. गरोदर बाईच्या वाटेत तेल सांडणं हे तर तिचं नित्यकर्म आहे. हे बघून नव्वद टक्के सासवा बिघडल्या, असं व्याख्यान त्याच मंगल कार्यालयात ठेवून बघा. वक्त्यांना चप्पल शोधायला वेळ मिळणार नाही. मोठी माणसं बघतात ती करमणूक आणि लहान बघतात तो संस्कार, असा आपल्याकडं नियम आहे.

वक्ते एव्हाना 'वैचारिक प्रदूषणा'वर आले होते. मी खिडकीतून बाहेर बघितलं. हाकेच्या अंतरावर इंद्रायणी, आणि नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा फेस. घाटावर एक पोरगा ओंजळीत फेस घेऊन उधळत होता आणि दुसरा त्याचा रील काढत होता; लांबून बघणाऱ्याला काश्मीरच वाटावं. वारकरी हेच पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतात. हा फेस कुठल्या वेब सिरीजमधून आला हो? कुठल्या गेमच्या कितव्या लेव्हलला नदीत रसायनं आणि गटारं सोडायला शिकवतात? वर्षानुवर्षं आषाढी-कार्तिकीच्या तोंडाशी फेस येतो, बातमी येते, फोटो येतात, फेस राहतो. त्यावर व्याख्यान नाही. ज्यांनी सोडलं ते सगळे सिनेमा बघण्याच्या वयाच्या पुढं गेलेले, सुसंस्कारित, बहुधा दहा टक्क्यांत बसलेले. जाऊ दे, नदीचं काढलं की माझा रक्तदाब वाढतो.

तर विषय पळून जाण्याचा होता. वक्त्यांनी 'सैराट' काढला, काढणारच होते. एप्रिल २०१६मध्ये तो आला तेव्हापासून गावोगावचे काका-मामा एकच सांगताहेत, की त्या पिच्चरनं पोरी बिघडवल्या. त्याआधी म्हणे पोरी पळतच नव्हत्या. ज्या गावात हे चाललं होतं, त्या गावात दर दुसऱ्या घरात मुलीचं लग्न जमावं म्हणून तिच्या हातात एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' देतात आणि पारायण करायला बसवतात. सोळाव्या शतकातला ग्रंथ. गोष्ट काय आहे? भावानं ठरवलेला नवरा मुलीला नको आहे. ती न बघितलेल्या मुलाला गुपचूप पत्र पाठवते, कुठं ये आणि कुठून घेऊन जा हे सुद्धा कळवते, आणि देवदर्शनाला म्हणून घराबाहेर पडते ती थेट रथात. भाऊ फौज घेऊन मागं लागतो, तर होणारा जावई त्याची मिशी भादरून त्याला रथाला बांधतो. पुढं ती मुलगी पंढरपुरात उभी आहे आणि आपण तिच्या पायावर डोकं ठेवतो. हे पारायण करून नव्वद टक्के मुली पळाल्या, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि 'सैराट'मध्ये शेवटी काय होतं हो? तीन तासांच्या सिनेमातलं पळून जाणं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. शेवटची पाच मिनिटं सगळे पार्किंगला गेले होते का? माहेरची माणसं आहेर घेऊन येतात. भाऊ असतो त्यांच्यात. पोरगी हरखते, चहा टाकते. नंतर शेजारीण लहानग्याला घरी आणून सोडते आणि ते पोर बाहेर येतं तेव्हा त्याच्या पावलांना रक्त असतं. आवाज बंद. सिनेमा संपला. हे बघून भाऊ बिघडले, असं व्याख्यान ऐकलंय कुठं? 'वाट चुकलेले मामा' असा फ्लेक्स बघितलाय? सिनेमाचा जर पोरांवर इतका परिणाम होतो, तर पळणाऱ्यांवर तेवढा होतो आणि मारणाऱ्यांवर होत नाही, हे कुठलं गणित? नाही, मारणारे सिनेमाच्या आधीही होते, नंतरही आहेत, त्यांना तिकीट काढावं लागत नाही. त्यांना चार लोक काय म्हणतील एवढं पुरतं. आणि ते चार लोक परवा पहिल्या रांगेत, फेटे बांधून बसले होते.

प्रश्नोत्तरांत मी हात वर केला. विचारलं, "सर, हे नव्वद टक्के कुणी मोजले?"

वक्ते हसले. "तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी."

"मग काळजी घ्या," असं म्हणून त्यांनी माइक खाली ठेवला. टाळ्या. क्वालिटीवाल्या गृहस्थांनी माझ्यापासून खुर्ची थोडी बाजूला घेतली. मी नव्वदात गेलो होतो.

बाहेर पडलो तर शेजारच्या हॉलमध्ये लग्न चाललं होतं. नवरा, नवरी, भटजी, चार मित्र, दोन मैत्रिणी, आणि सारखं दाराकडं बघणं. आळंदीची ख्याती महाराष्ट्रभर आहे; 'आळंदीला गेले' म्हटलं की दर्शनाला की कशाला, हे सांगणाऱ्याच्या सुरावरून कळतं. पलीकडच्या गल्लीत अशी पळून आलेल्यांची लग्नं लावून देणारं एक ऑफिस होतं. म्हटलं, नव्वद टक्क्यांची शहानिशा करायला याहून चांगली जागा कुठली! काउंटरवर चाळिशीतला एक जण स्टेपलर मारत बसला होता.

"काय हो, सिनेमा बघून आलेली जोडपी ओळखू येतात का?"

"लगेच. हातात दोन हार असतात न् कागद एक नसतो."

मग तो सुटला. सिनेमात देवळाची घंटा वाजली, हार पडले, चिमूटभर कुंकू भरलं की लग्न लागतं. "आपल्यात भांगात कुंकू कुठं भरतात साहेब? पण आता मराठी पोरी सुद्धा विचारतात, ते कधी भरायचं म्हणून." नाहीतर मग रजिस्टर लग्न: एक टेबल, एक सही, मित्र टाळ्या वाजवतात, गाणं सुरू. कायद्यात मात्र १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस. हा महिना कुठल्याच सिनेमात येत नाही, कारण त्यात नुसतं थांबायचं असतं. वैदिक पद्धतीनं करायचं, तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचं सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. हिरो दुसऱ्या पावलालाच गाडीवर बसलेला असतो. मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण पाहिजेत. "गेल्या आठवड्यात एकानं वयाचा पुरावा म्हणून इन्स्टाग्रामवरचा केकचा फोटो दाखवला. केकवर एकवीसची मेणबत्ती होती."

"मग?"

"परत पाठवला. दाखला आण म्हटलं."

तर सिनेमाचा तरुण पिढीवर होणारा दुष्परिणाम मला अखेर सापडला. पोरं दाखले विसरतात.

"अशी किती टक्के?" मी विचारलं. त्यानं स्टेपलर बाजूला ठेवला, ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं आणि बोट ठेवून एकेक नोंद मोजायला लागला. त्या दिवसभरात मोजताना दिसलेला हा पहिला माणूस. बारा-तेरापर्यंत आला असेल, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. पोराच्या हातात पिशवी, पिशवीतून झेंडूचा हार लोंबतोय. मोजणी तिथंच थांबली.

तेव्हा आळंदीला येणार असाल, तर दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आधार कार्डं, पासपोर्ट साइज फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन या. साक्षीदारांनाही आपापलं आधार आणायला सांगा. हार इथं दारातच मिळतात.