दहा गुणांचा अनुभव

मास्तर व्हायचं की नाही हे ठरवण्याआधी चार दिवस वर्गात उभं राहून बघावं, असा सल्ला थोरामोठ्यांकडून फुकट मिळतो. पश्चिम बंगाल सरकारने तो फारच मनावर घेतला. 2025च्या शिक्षकभरतीत लेखी परीक्षेला 60 गुण आणि शिकवण्याच्या अनुभवाला चक्क 10. शिवाय पाठ घेऊन दाखवायचे वेगळे 10. चला, भरती करताना कुणाला तरी वर्ग आठवला!

पण हा अनुभव उमेदवाराने मिळवायचा कुठे? मुख्यतः 2016च्या भरतीत. म्हणजे तीच, जी 3 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घोटाळ्यापायी मुळासकट उपटली. शिक्षक आणि शिक्षकेतर मिळून 25,753 नेमणुका रद्द. त्याआधी 2022 साली माजी शिक्षणमंत्री पार्थ चॅटर्जींना अटक झाली होती आणि त्यांच्या निकटवर्ती बाईंच्या फ्लॅटमधल्या नोटा मोजायला यंत्रं आणावी लागली होती. थोडक्यात, नेमणूक बाद, अनुभव ग्राह्य.

घोटाळ्याचा डाग लागलेल्यांना नव्या परीक्षेत बसायला बंदी होती, हे खरं. म्हणजे दहा गुणांचा लाभ सरळमार्गी लोकांना. त्यांनी वर्षानुवर्षं इमानदारीने फळा झिजवला आणि सप्टेंबरात पुन्हा पेन घेऊन बाकावर बसले. त्यांची चीड रास्तच आहे. पण शेजारच्या बाकावरच्या नवख्याचं काय? मधली नऊ वर्षं अशी भरतीच झाली नाही. कदाचित तो याच सरांकडे बारावी शिकला असेल आणि आता बी.एड. करून त्यांचाच प्रतिस्पर्धी झाला असेल. सरांना दहा गुण, त्याला शून्य. त्याचा अनुभव म्हणजे कॉलेजात असताना संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या घेतलेल्या शिकवण्या. अर्ध्या कोलकात्याची मुलं अशा शिकवण्यांवर पास होतात, पण त्यांचा दाखला कोण देणार?

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली होती. आणि अनुभवाचं म्हणाल, तर बी.एड.वाल्याची आंतरवासिता सुरू होते ती फी भरून, प्रवेश घेऊन, घरच्यांनी ‘आमचा बाळ्या सर होणार’ असं गावभर सांगून झाल्यावर. तोवर परतीची एसटी गेलेली असते. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेला, हातात पाठटाचण, आणि मुलं आधीच पढवून ठेवलेली. याला अनुभव म्हणायचं असेल तर लग्नातल्या फोटोंना संसार म्हणायला हरकत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रवेशअर्जाच्या आधी उमेदवाराला आठवडाभर आठवी ‘क’वर सोडावं. मधल्या सुट्टीनंतरचा तास, विषय व्याकरण, निरीक्षक गैरहजर. गुण पोरांनीच द्यावेत. ते कोणत्याही न्यायालयात टिकतील.